आईची खुर्ची हलत नाही

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे निम्मे म्हणतात. खरं नाव आहे की, चांगलं भारदस्त आहे, पण ते फक्त ऑफिसच्या दारावरच्या पाटीला ठाऊक. लहानपणी सफरचंद कापायचं झालं की हा पट्टी घेऊन बसायचा. पट्टी, अहो! बिस्कीट मोडताना एक तुकडा मोठा आला, तर त्याची कड कुरतडून बरोबरी करायचा, आणि कुरतडलेला चुरा कुणाचा यावर पुन्हा भांडण. आमच्या दोघांच्या खोलीत त्यानं खडूनं मधोमध रेघ ओढली होती. रेघेवर खिडकी आली, म्हणून अर्धा पडदा माझा आणि अर्धा त्याचा. 'अरे निम्म्या, वारा कसा वाटशील?' असं मी एकदा विचारलं, तर शहाणा खरंच विचार करत बसला.

मला वाटलं होतं, हा न्यायाधीश होणार. झाला वेब पानं लावणारा. नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, मोडक्या खुर्च्या कोंबलेल्या खोलीला लागून त्याची खोली आहे. पाणी कधी येणार, कुठला रस्ता बंद, बाग किती वाजता उघडणार, हे लोक ज्या पानांवर बघतात ती पानं हा मांडतो. त्यासाठी सीएसएस नावाची एक भाषा असते. पानावर कुणी कुठं बसायचं आणि किती जागा घ्यायची, ते त्या भाषेत सांगायचं. म्हणजे आमच्या निम्म्याचं जन्माचं वेड, आणि वर पगार. नशीब लागतं!

आता आईचं सांगते, कारण तिच्याशिवाय या गोष्टीला अर्थ नाही. आई बहिरी आहे, जन्मापासून. लोक 'त्यांना जरा कमी ऐकू येतं' असं गुळमुळीत बोलतात, ते तिला मुळीच खपत नाही. कमी नाही, अजिबात नाही, आणि त्यात लाजायचं काय? चष्म्याच्या कारखान्यात काचा घासून तिनं आम्हा दोघांना वाढवलं. घरात आम्ही हातांनी बोलतो. खुणांची भाषा मला आधी आली आणि तोंडाची मागून, आणि त्याच जोरावर मी पुढं दुभाषी झाले. तेव्हा इथं जिथं जिथं मी 'आई म्हणाली' असं लिहीन, तिथं ते हातांनी, एवढं लक्षात ठेवा.

तर या आमच्या आईला जगात एकाच वाक्याचा मनस्वी राग आहे. 'थांब, नंतर सांगतो.' चारचौघांत काहीतरी होतं, सगळे हसतात, आई विचारते काय झालं, की कुणीतरी हात उडवून म्हणतं, नंतर सांगतो. आणि ते नंतर आलंच, तर दोन शब्दांत येतं. 'काही नाही गं, एक विनोद होता.' बारशात तेच, दवाखान्यात तेच, बँकेत तेच. सगळं जग ताटातलं जेवणार आणि हिच्या वाट्याला खरवड. मला आजही हे लिहिताना संताप येतो.

मागच्या वर्षी नगरपालिकेनं आपली सभा लोकांना घरबसल्या दाखवायचं ठरवलं. निम्म्यानं साहेबांच्या मागं भुणभुण लावली, की सभेबरोबर दुभाषीही दाखवा. साहेब माणूस वाईट नाहीत, पण कामं उरकणाऱ्यातले. म्हणाले, "बरं, एक सभा करून बघू. बघणाऱ्यांना नीट कळलं तर कायमचं चालू. तक्रारी आल्या तर बंद, आणि मग पुन्हा हा विषय घेऊन माझं डोकं खायचं नाही."

आणि नेमका त्याच सभेत आमच्या गल्लीतल्या दिव्यांचा विषय! वीज वाचवायला एकाआड एक दिवा काढून टाकायचं घाटत होतं. गल्लीच्या टोकाला बहिऱ्यांचं मंडळ आहे. संध्याकाळी आई आणि तिच्या मैत्रिणी मंडळातून निघतात आणि दिव्याखाली उभ्या राहून अशा गप्पा झोडतात, की त्यांना हलवायला घरून बोलावणं पाठवावं लागतं. अंधारात हात दिसत नाहीत हो. दिवा गेला की बोलणं संपलं.

आईनं जाहीर करून टाकलं, 'ही सभा मी बघणार. माझी मी, सगळ्यांबरोबर. कुणी मला नंतर सांगायला येऊ नका.'

झालं! निम्मे कामाला लागला. पानावर तीन रकाने हवे होते. डावीकडे सभेतल्या विषयांची यादी, मध्ये सभागृह, उजवीकडे हातांनी बोलणारी मी. आता आमच्या निम्म्यासमोर तीन रकाने ठेवल्यावर तो काय करणार? तिघांना सारखे तीन भाग, टक्क्यांत मोजून. ऑफिसच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मी अशी झकास दिसत होते की मीच दोनदा माझे केस सारखे केले. मग आम्ही तेच पान घरी आईच्या टॅबलेटवर उघडलं. तिचा टॅबलेट जुना, एका कोपऱ्यात तडा गेलेला, पण तिचा त्याच्यावर भारी जीव. टक्के तेच, पण पडदाच केवढासा! त्याचे तीन सारखे भाग झाल्यावर मी आगपेटीएवढी उरले.

आईनं चष्मा वर केला, खाली केला. 'ही कोण?'

'अगं, मी!'

'मग हातमोजे का घातलेस?'

कपाळ माझं! बोटं एकमेकांत मिसळून नुसते गोळे दिसत होते. निम्मे बावचळून म्हणाला, "पण ताई, मी सारखं वाटलंय." मी म्हटलं, "हो रे बाबा, सगळ्यांना सारखं उपाशी ठेवलंस."

मग हा दुसऱ्या टोकाला गेला. टक्के गेले खड्ड्यात म्हणाला, आणि तिन्ही रकान्यांची रुंदी पक्की ठोकून टाकली. इतकी म्हणजे इतकी, पडदा कसाही असो. मी आता मोठी दिसत होते खरी, पण टॅबलेटच्या बाहेर! पान पडद्याहून रुंद झालं आणि उजवीकडची मी काठावरून लोंबायला लागले, एक हात आत आणि एक हात बाहेर. मला बघायला बोटानं पान सरकवायचं, की सभागृह गायब. सभागृह आणायला परत सरकवायचं, की माझी बोलती बंद. आणि हेच पान साहेबांनी मोठ्या पडद्यावर उघडलं, तर सगळं डाव्या भिंतीला चिकटलेलं आणि उजवीकडं पांढरं मैदान.

"हे काय, पान अर्धं रिकामं?" साहेब म्हणाले. "उगाच घोळ घालू नका. टीव्हीवर असतो तसा खाली कोपऱ्यात एक गोल करा आणि त्यात बसवा ताईंना."

आईला दाखवलं, तर तिनं नुसती मान हलवली. 'गोलात हिची कोपरं कापली जातात. आणि सभेतल्या कुणाच्यातरी डोक्यावर बसल्यासारखी दिसते.'

निम्म्याचं तोंड उतरलं. तसा तो हट्टी आहे, पण या खेपेला त्याची मतीच गुंग झाली होती. सारखं वाटावं तर आई उपाशी, सगळं ठोकून बसवावं तर आई पडद्याबाहेर. सभा आठवड्यावर आली होती. मी त्याला चिडवायचं सोडून दिलं, यावरून समजा काय अवस्था असेल.

अशात रविवारी मामा, मामी आणि मावशी जेवायला आले. आमच्या घरच्या टेबलाचे काही नियम आहेत, बहिऱ्यांच्या घरात असतात तसे. टेबलाच्या मध्यात फुलदाणी ठेवायची नाही, हात दिसत नाहीत. पाठीमागून हाक मारायची नाही, टेबलावर थाप मारायची, ती तिला हातांना कळते. आणि आईची खुर्ची भिंतीला पाठ लावून, खिडकीलगत. तिथून तिला सगळ्यांचे चेहरे उजेडात दिसतात. दोघं जेवायला असोत की दहा, ती खुर्ची हलत नाही. बाकीच्यांनी आपापलं बघून घ्यायचं.

त्या दिवशीही तसंच झालं. मामा आले, मी सरकले. मामी आल्या, मामा सरकले. मावशी आली, तर सगळ्यांनीच अंग चोरलं. त्यातून आमचे मामा जेवताना दोन्ही कोपरं पंखांसारखी पसरतात, म्हणून मामींच्या बशीला टेबलाची कडच उरली. मामी म्हणाल्या, "अहो, कोपरं आवरा! टेबल काय एकट्याचं आहे?" निम्मे हातात बटाट्यांचं भांडं घेऊन उभाच. बघत राहिला, बघत राहिला, आणि एकदम त्यानं टेबलावर अशी थाप मारली की आईसकट सगळे दचकले.

"ताई! आईची खुर्ची!"

"का रे, मोडली की काय?"

"मोडली नाही, हलली नाही!" भांडं मावशीच्या हातात कोंबून तो बोलायला लागला, तोंडानं आणि हातांनी एकदमच. "मी सगळ्यांना एकच कायदा लावत होतो. सगळे लवचीक, नाहीतर सगळे पक्के. आणि आपण इथं रोज काय करतो? आईची जागा पक्की. आधी ती काढून ठेवायची. मग जे उरेल ते बाकीच्यांचं. पाहुणे कमी तर ऐसपैस, जास्त तर दाटीवाटीनं. टेबल कुठलंही असू दे!"

मामांनी घास थांबवला. "म्हणजे आम्ही उरलेल्यात?"

"हो मामा."

"बरं. मग उरलेले बटाटे इकडे दे."

जेवण झाल्याझाल्या निम्म्यानं आईला टॅबलेट देऊन बसवलं. मी समोर उभी राहून बोटांवर आकडे दाखवत होते आणि हा माझा रकाना थोडा थोडा अरुंद करत होता. आई म्हणजे जन्मभर काचा घासलेली बाई, तिला हा खेळ पाठ. 'दिसतंय. दिसतंय. अजून कर. दिसतंय.' आणि मग तिनं पंजा वर केला. 'थांब. आता सहा की सात कळेना. एक पायरी मागं ये.' ते माप आलं तीनशेवीस पिक्सेल. निम्म्यानं तोच आकडा माझ्या रकान्याला दिला, ना कमी ना जास्त. विषयांच्या यादीलाही छोटीशी पक्की रुंदी दिली. आणि मधल्या सभागृहाला सांगितलं, की तू उरलेली सगळी जागा घे, जितकी असेल तितकी. पडदा अगदीच फोनएवढा असला, तर रकाने शेजारी न बसता एकाखाली एक जातील, आणि सगळ्यात वर मी.

आम्ही तेच पान टॅबलेटवर बघितलं, मावशीच्या फोनवर बघितलं, मामांच्या टीव्हीएवढ्या कॉम्प्युटरवर जाऊन बघितलं. सभागृह कुठं फुगत होतं, कुठं आकसत होतं, आणि मी जिथल्या तिथं, तेवढीच्या तेवढी. आईनं निम्म्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याला ठसका लागला. आमच्या घरात याच्या वरचं बक्षीस नाही.

पण सुखासुखी पार पडेल तर ते काम कसलं! सभेच्या आदल्या दिवशी दुपारी निम्म्याचा फोन. आवाज रडवेला. "ताई, तू परत बाहेर गेलीस."

मी ऑफिसात धावले. बघते तर खरंच, तपासायला आणलेल्या आईच्या टॅबलेटवर माझा रकाना तेवढाच होता, पण पडद्याच्या काठापलीकडं ढकललेला. निम्मे डोक्याला हात लावून बसला होता. "माझं माप बरोबर आहे गं. तीनशेवीस म्हणजे तीनशेवीस. मग ढकलतंय कोण?"

त्या दिवशी सभेची कागदपत्रं पानावर चढवली होती. मधल्या रकान्यात सभागृहाच्या चित्राखाली एका कागदाचा इंटरनेटवरचा पत्ता होता. हे लांबलचक, कुठं मोकळी जागा नाही, कुठं श्वास नाही, एकसलग अक्षरांचं धूड. ते मोडेना, आणि ते मोडेना म्हणून मधला रकाना आकसेना. उरलेल्या जागेत बसायचं कबूल केलं होतं त्यानं, पण आपल्या पोटातली वस्तू मावेल इतकी जागा तो धरूनच बसला होता, आणि ढकलली जात होते मी.

मी म्हटलं, "अरे, ही तर मामांची कोपरं!"

निम्मे असा हसत सुटला, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. "मी त्याला उरलेलं घे म्हणून सांगितलं," तो म्हणाला, "पण वेळ पडली तर किती लहान व्हायचं, ते सांगितलंच नाही!" त्यानं मधल्या रकान्याला बजावलं, की तुझं कमीत कमी माप शून्य. आणि त्या लांब पत्त्याला सांगितलं, की जागा संपली की मोड आणि खालच्या ओळीत जा. बस्स, दोनच ओळी! मी सुळकन आत आले. दोन्ही हात, दोन्ही कोपरं, दहा बोटं.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी टॅबलेटवरचं पान बघून भुवया चढवल्या. "हे कसं चालेल? अध्यक्ष केवढेसे दिसतात, आणि ताई त्यांच्याहून मोठ्या! निदान दोघांना सारखी जागा तरी द्या."

सारखी! ऐकलंत ना? हा शब्द ऐकून आमचा निम्मे आजवर कधी 'नाही' म्हणाला नव्हता. पण तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"नाही साहेब. अध्यक्षांना आवाज आहे. ते लहान झाले तरी ऐकू येतात. ताईचे हात लहान झाले तर काहीच ऐकू येत नाही. ही जागा वाटायची नाही. बाकीची वाटून घ्या, मी हरकत घेणार नाही."

साहेबांनी टॅबलेट निम्म्याकडं सरकवला. मग म्हणाले, "अध्यक्षांना तुम्ही सांगायचं, मी नाही सांगणार." आणि निघून गेले. बाई गं! मला त्या क्षणी माझ्या भावाची दृष्ट काढावीशी वाटली. ज्यानं चुऱ्यासाठी माझ्याशी भांडणं केली, तो आईच्या जागेसाठी साहेबांसमोर असा ताठ उभा राहिला होता. अभिमानानं ऊर भरून येतो म्हणतात ना, तसं झालं मला, आणि मी ते लपवलंही नाही.

सभा सकाळी अकराला सुरू झाली. आम्ही दोघी दुभाषी आळीपाळीनं उभ्या राहत होतो, मी आणि माझी उंच जोडीदारीण. दिव्यांचा विषय सर्वांत शेवटी होता. आमच्या धंद्यात एक शिस्त आहे, घरचा विषय निघाला की आपण बाजूला व्हायचं. म्हणून दिव्यांचं नाव निघताच मी जागा जोडीदारणीला दिली आणि जिना उतरून घराकडं सुटले. घर दोन गल्ल्यांवर. चपला हातात घ्यायच्या तेवढ्या बाकी होत्या.

दार उघडंच होतं. आई तिच्या खुर्चीत, टॅबलेट समोर पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. तिच्या चार मैत्रिणी खुर्च्या ओढून दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं बसलेल्या. त्यांच्या कडेला, पडद्याकडं मान वाकडी करून, निम्मे उभा. तो सकाळपासून घरूनच पानावर नजर ठेवून होता. मी आत पाऊल टाकलं आणि त्याच वेळी टॅबलेटमधून सभागृहाच्या हसण्याचा आवाज आला. अध्यक्षांनी काहीतरी कोटी केली असावी. आणि आई हसली! त्याच क्षणी, सभागृहाबरोबर, मैत्रिणींबरोबर, डोकं मागं टाकून. कुणाकडं न बघता, कुणाला न विचारता. माझ्या जन्मात मी हे पहिल्यांदा बघत होते. मला हुंदका आला, खोटं कशाला सांगू.

मी निम्म्याचा दंड धरला. "काय रे? काय झालं दिव्यांचं?"

तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. "मला काय माहीत? मी रकान्याची कड बघतोय सकाळपासून. केसभरसुद्धा हललेली नाही, ताई!"

"अरे गाढवा, सभा ऐकली नाहीस?"

"सभा? नाही."

धन्य! शेवटी मी टेबलावर थाप मारली. आईनं मान जरा वळवली, आमचे हात डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसतील एवढीच, डोळे मात्र पडद्यावरच. मी विचारलं, 'काय झालं? अध्यक्ष काय म्हणाले? सगळे का हसले?' निम्म्यानंही तेच विचारलं, दोन्ही हातांनी.

आईनं आमच्याकडं न बघताच एक हात उडवला.

'थांबा. नंतर सांगते.'

निम्मे माझ्याकडं बघायला लागला आणि मी निम्म्याकडं. त्याचे डोळे भरले होते आणि तोंड कानापर्यंत फाकलं होतं. आम्ही मोठ्या आज्ञाधारकपणे भिंतीला टेकून उभे राहिलो.

थोड्या वेळानं टेबलावर पाच जणींच्या दहा हातांची अशी थाप पडली की तांब्या लवंडला. दिवे राहणार होते, सगळेच्या सगळे. निम्म्याचा फोन थरथरला. साहेबांचा निरोप होता, पुढच्या सभेला पान असंच ठेवा, आणि अध्यक्ष विचारतात, आपण फारच लहान दिसलो का.

मग आई आमच्याकडं वळली, बाह्या सरसावल्या आणि सांगायला बसली. कोण आधी उठलं, कोण कुणावर गुरकावलं, कुणाचा चष्मा घसरला, अध्यक्षांनी कोटी केली ती कुठली आणि कुणाला ती उशिरा कळली. आम्ही तिला जन्मभर दोन शब्दांत उरकलं होतं. तिनं आम्हाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक अक्षर न गाळता, सगळी सभा सांगितली.